खाऱ्या पाण्याच्या काचपेटीचा राखणदार

समुद्रकाठच्या शाळेला निसर्गाची प्रयोगशाळा शोधीत दूर जावे लागत नाही. ओहोटी लागली म्हणजे खडकांतील डबकी उघडी पडतात आणि शंख पाठीवर वाहणारे लहान खेकडे, बोटाएवढे मासे, दगडाला चिकटलेल्या गोगलगाई मुलांच्या दृष्टीस पडतात. यांतील चार प्राणी काचेच्या पेटीत आणून वर्गात ठेवावे, असे कोणत्याही उत्साही शिक्षकास वाटणे स्वाभाविक आहे. सोमवार ते शुक्रवार सारे सुरळीत चालते. कोणी पाण्याची पातळी पाहतो, कोणी उन्हाकडची खिडकी लावतो, कोणी उष्णतामापक वाचतो. परंतु शनिवारी सकाळची शाळा साडेअकराला सुटते आणि वर्गास कुलूप लागते, ते सोमवारी साडेदहाला उघडते. मधल्या ४७ तासांत पेटीजवळ कोणीही नसते. एप्रिलातील अशा एका रविवारी कौलांखाली पाणी तापत गेले, तर सोमवारी वर्ग उघडणाऱ्या मुलांना जे पाहावे लागेल ते पुढच्या कोणत्याही पाठाने भरून निघणारे नाही. या ४७ तासांसाठी शाळेतच, थोड्या खर्चात, विजेवर चालणारा राखणदार कसा तयार करावा हे येथे सांगावयाचे आहे.

प्रथम राखण कशाची करावयाची ते पाहू. खडकातील डबकेही दुपारी तापते, त्यातील पाणी आटून अधिक खारट होते, आणि तरीही तेथील जीव जगतात. याचे कारण त्यांचा काटकपणा हे तर आहेच. पण त्याहून मोठे कारण असे की, सुमारे १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा भरती येते आणि तापलेले, खारावलेले पाणी धुऊन नेते. समुद्र अफाट असल्यामुळे त्याचे तपमान व खारटपणा सावकाश बदलतात, आणि भरतीच्या वाटेने तो ही स्थिरता डबक्याला उसनी देतो. वर्गातील पेटीला भरती येत नाही. तेथे जे बिघडते ते बिघडतच जाते.

याचा हिशेब सहावी-सातवीची मुले करू शकतात. पेटी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३६ उंच असून तीत ३० सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी आहे असे धरू. म्हणजे पाणी ५४ लिटर झाले. दर लिटरला ३५ ग्रॅम क्षार धरले तर एकूण क्षार १,८९० ग्रॅम. आता पातळी ३ सेंटिमीटरने उतरली. नाहीसे झाले ते केवळ पाणी, ५.४ लिटर, क्षार होते तेवढेच राहिले. ते आता ४८.६ लिटरांत आहेत, म्हणजे दर लिटरला जवळजवळ ३९ ग्रॅम. यावरून एक व्यवहारातील नियम निघतो: आटलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्याने करावयाची, खाऱ्या पाण्याने नव्हे. नवखा मनुष्य नेमके उलट करतो, कारण पेटी खाऱ्या पाण्याची आहे.

पेटीतील समुद्र माणसाच्या हाताने सांभाळण्याचा प्रयत्न जुना आहे. १८४६ साली ॲना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की येथील किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला नेले. समुद्राचे पाणी वरचेवर मिळेना, तेव्हा तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून त्यात हवा मिसळण्याचा उपाय त्यांनी योजिला, आणि रोज अर्धा-पाऊण तास हे ओतण्याचे काम त्यांची दासी करीत असे. मत्स्यालयांच्या इतिहासात थिनबाईंचे नाव राहिले. दासीचे नाव सहसा आढळत नाही. वास्तविक त्या पेटीचा नियंत्रक तीच होती.

आता राखणदाराच्या कामाकडे वळू. त्याची कामे दोन, आणि ती निरनिराळी आहेत. पाहणे हे एक. त्याला निरीक्षण म्हणू. पाहिलेल्यावरून काही करणे हे दुसरे. त्याला नियंत्रण म्हणू. शाळेच्या छपरावरील टाकीत तरंगणारा चेंडू असतो. पाणी चढले की चेंडू वर येतो आणि नळ बंद होतो. येथे पाहणारा व करणारा एकच. विजेची इस्त्री ठराविक तापल्यावर आपोआप बंद पडते, निवली की सुरू होते. तेथेही तोच प्रकार. मुलांनी ही दोन उदाहरणे नीट पाहिलेली असली, तर पुढील सर्व भाग त्यांना कठीण जाऊ नये.

यंत्राचा मेंदू म्हणून आर्डुइनो नावाचा बोर्ड सोयीचा आहे. २००५ साली इटलीतील इव्रेआ या गावी तो तयार झाला, आणि डिझाइन शिकणाऱ्या, विद्युत्शास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्या विद्यार्थ्यांना हाताळता यावा हाच त्याचा हेतू होता. सबब शिक्षकांनीही त्याला बिचकू नये. संगणकावर आज्ञावली लिहून ती तारेवाटे बोर्डात उतरविली म्हणजे पुढे संगणकाची गरज राहत नाही. बोर्डाला सोळा अक्षरांच्या दोन ओळी दाखविणारी लहान पाटी जोडता येते. या पाटीवर देवनागरी नाही, पण पाच ठिपके रुंद व आठ ठिपके उंच अशी आठ चिन्हे आपल्या मनाची भरता येतात. दहा अंकांना आठ घरे कमी पडतात खरी. तथापि पाटीतील इंग्रजी शून्य व तीन हे आपल्या शून्य-तीनांशी पुष्कळ जुळतात, तेव्हा आठांत भागते. चौकटीच्या कागदावर अंकांचे ठिपके बसविण्याचे हे काम चौथीची मुलेही आनंदाने करतील.

तपमान पाहण्यासाठी डीएस१८बी२० हा संवेदक घ्यावा. तो पोलादी नळीत बंद केलेला, लांब तारेसह मिळतो, आणि त्याचे वाचन अर्ध्या अंशाच्या आत बरोबर असते. जोडताना त्याची सूचना-तार व वीज-तार यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रोधक घालावयाचा, एवढेच ध्यानात ठेवावे. पोलादी नळीवर 'न गंजणारी' असे लिहिलेले असले तरी समुद्राच्या पाण्यात काही महिन्यांनी तिच्यावर गंजाचे ठिपके येतात. म्हणून ती तळ बंद असलेल्या बारीक काचनळीत ठेवून मगच पाण्यात सोडावी. वाचन थोडे उशिरा बदलेल, त्याने काही बिघडत नाही. ५४ लिटर पाणी घाईने तापत नाही. पाण्यात सोडण्यापूर्वी संवेदकाची परीक्षा घ्यावी. बर्फाचा चुरा व थोडे पाणी एका पेल्यात ढवळून त्यात तो दहा मिनिटे ठेवला असता शून्याच्या अगदी जवळ वाचन यावयास हवे. ही परीक्षा मुलांसमोर घ्यावी. यंत्रावर विश्वास का ठेवावयाचा याचे उत्तर त्यांना तेथे मिळते.

थंड देशांतील पुस्तके या पेटीला पाणी तापविण्याचे साधन लावावयास सांगतात. कोकणात गरज उलट आहे. येथे पाणी निववावयाचे आहे, आणि त्याची युक्ती प्रत्येक घरच्या माठात आहे. पाणी वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाणी आटण्यासाठी सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते, आणि ५४ लिटर पाणी एक अंशाने निववावयास ५४ किलोकॅलरी काढावी लागते. म्हणजे एक लिटर आटले तर हिशेबाने पेटी दहा अंशांहून अधिक निवावी. प्रत्यक्षात खोलीची उष्णता सतत आत येत असल्यामुळे दोन-तीन अंशांचाच फरक पडतो, पण प्राण्यांचा जीव बहुधा त्या दोन-तीन अंशांतच असतो. जुन्या संगणकातील १२ व्होल्टचा पंखा पेटीच्या काठावर, पाण्यावर तिरपा वारा घालील असा बसविला की काम भागते. पावसाळ्यात हवा दमट असल्याने त्याचा उपयोग कमी होतो, पण तेव्हा उष्माही ओसरलेला असतो.

पंखा बोर्डाला थेट जोडता येत नाही. बोर्डाच्या एका टोकातून जेमतेम २० मिलिअँपिअर प्रवाह घ्यावा आणि पंख्याला त्याच्या कित्येक पट लागतो. मध्ये ट्रान्झिस्टर घालावा लागतो. पाटाचे दार एक मनुष्य हाताने उचलतो आणि त्यातून वाहणारे पाणी सारी बाग भिजविते. ट्रान्झिस्टर हे ते दार होय. पंख्याच्या दोन तारांवर उलट्या दिशेने एक डायोड बसवावा, नाही तर पंखा बंद होताना उसळणारा दाब ट्रान्झिस्टर निकामी करतो.

पंखा कधी लावावयाचा? २९ अंशांवर लावावा असे म्हटले आणि तेवढ्यावरच सोडले, तर पाणी २९ च्या आसपास घुटमळू लागताच पंखा क्षणात सुरू, क्षणात बंद असे करीत राहतो. म्हणून मर्यादा दोन ठेवावयाच्या: २९ ला सुरू, २८ ला बंद. मधल्या एका अंशात जे चालले असेल तेच चालू द्यावे. इस्त्रीची टकटक ऐकलेल्या मुलांना हे सांगावे लागणार नाही.

येथवर पोचल्यावर यंत्र पूर्ण झाले असे वाटते, आणि नेमका येथेच धोका असतो. या संवेदकाची तार तुटली किंवा जोड सैल झाला, तर आर्डुइनोवर सर्रास वापरली जाणारी त्याची आज्ञावली 'वाचन मिळत नाही' असे सांगत नाही. ती उणे १२७ हा आकडा देते. वीज नुकतीच आली असून मापन झालेले नसेल, तर संवेदक ८५ हा आकडा देतो. माणूस हे आकडे पाहून हसेल. यंत्र हसत नाही. 'पाणी २८ हून थंड असल्यास पंखा बंद' एवढेच त्याला शिकविलेले असेल, तर उणे १२७ अंश म्हणजे फारच थंड, असे समजून ते पंखा बंद करील आणि बंदच ठेवील. रविवारच्या दुपारी, कुलूप लावलेल्या वर्गात, पाटीवर उणे १२७ झळकत असेल आणि खाली पाणी तापत असेल. पेटीला राखणदार नसता तर शिक्षकांनी एखाद्या मुलाला किल्ली देऊन रविवारी पाठविले असते. राखणदार आहे या भरवशावर कोणीच गेले नाही. न केलेल्या यंत्रापेक्षा अर्धवट केलेले यंत्र अधिक घातक होते, ते असे.

यावर उपाय आज्ञावलीतच आहे. वाचन १५ ते ४० अंशांच्या बाहेरचे असल्यास ते खोटे समजावे. लागोपाठ तीन वाचने खोटी आली तर पंखा सुरू करून ठेवावा आणि भोंगा वाजवावा. पंखाच सुरू का करावयाचा, हा प्रश्न मुलांना अवश्य विचारावा. पंखा उगाच चालला तर थोडे पाणी अधिक आटेल. तो चालावयास हवा असता थांबला तर प्राणी मरतील. दोन चुकांपैकी कोणती परवडते हे आधी ठरवून यंत्र त्या बाजूला झुकते ठेवावयाचे. पाणी तापविण्याचे साधन असते तर हेच उत्तर उलटे आले असते. आज्ञावली मध्येच अडकून पडली तर बोर्ड स्वतःच पुन्हा सुरू व्हावा, अशी पहाऱ्याची घड्याळ-योजनाही त्याच्या चकतीत असते; तिचा उपयोग करावा.

पंख्याने एक दुखणे बरे केले आणि दुसरे आणले. पाणी आता अधिक वेगाने आटणार, म्हणजे खारटपणा चढणार. तेव्हा गोड्या पाण्याची भर आपोआप व्हावी लागते. यासाठी फ्लोट स्विच मिळतो. त्याच्या दांडीत काचेच्या बंद नळीत लोखंडाच्या दोन बारीक पट्ट्या असतात, आणि दांडीवर सरकणाऱ्या तरंगत्या भागात चुंबक असतो. पातळीबरोबर चुंबक खालीवर होतो व पट्ट्या जुळतात किंवा सुटतात. खारे पाणी पट्ट्यांपर्यंत पोचतच नाही, हा त्याचा मोठा गुण. दोष असा की, गोगलगाय त्यावर चढून बसते. तिच्या वजनाने तरंगता भाग खाली राहिला तर पाणी कमी झाले असे समजून यंत्र गोडे पाणी ओतीतच राहील. स्विचभोवती भोके पाडलेली प्लास्टिकची नळी बसविली म्हणजे गोगलगाईची वाट बंद होते.

पण खरे संरक्षण नळीचे नाही, साठ्याच्या आकाराचे आहे. समजा, गोड्या पाण्याची २० लिटरची बादली पंपाला जोडली आणि स्विच अडकला. पेटीत ६४.८ लिटरच मावतात. ५४ अधिक २० म्हणजे ९ लिटरांवर पाणी वर्गात वाहील आणि पेटीतील क्षार लिटरला २५ ग्रॅमच्या आसपास उतरतील. आता बादलीऐवजी दोन लिटरची बरणी ठेवली. सारी बरणी रिकामी झाली तरी ५६ लिटर पाण्यात १,८९० ग्रॅम क्षार, म्हणजे लिटरला ३३.७५ ग्रॅम. प्राण्यांना त्याची जाणीवही होऊ नये. आज्ञावली कितीही चुकली तरी बरणीत नसलेले पाणी ती ओतू शकत नाही. त्याशिवाय पंप एका वेळी अर्ध्या मिनिटाहून अधिक चालू नये व नंतर तासभर थांबावा, अशी मर्यादा आज्ञावलीत घालावी. बरणी पेटीहून खालच्या पातळीवर आणि नळीचे तोंड पेटीतील पाण्याच्या वर ठेवावे; नाहीतर पंप थांबल्यावरही नळी वक्रनलिकेसारखी पाणी ओढीत राहते. भरीचे पाणी नळाचे असल्यास उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मग घ्यावे. ते तांब्याच्या हंड्यातील मात्र कदापि नसावे. तांब्याचा अंश माणसाला सोसतो, खेकडे व गोगलगाई यांना तो विष होतो; याच कारणाने तांब्याची उघडी तारही पेटीच्या पाण्याला लागू देऊ नये.

बाजारात खारटपणा व आम्लता मोजणारे संवेदकही मिळतात. प्राथमिक शाळेने त्यांच्या मागे लागू नये. दोन खिळे पाण्यात बुडवून खारटपणा मोजण्याची घरगुती कृती तर टाळावीच, कारण एकाच दिशेच्या प्रवाहाने खिळे झिजतात व त्यांचा धातू पाण्यात उतरतो. आम्लता मोजणारी काचेची कांडी वरचेवर ठराविक द्रावणांत बुडवून जुळवून घ्यावी लागते आणि काही काळाने बदलावी लागते. खारटपणासाठी काचेचा साधा हायड्रोमीटर आठवड्यातून दोनदा पाण्यात सोडला की पुरे. आणि प्राण्यांच्या मलमूत्रातून होणारा अमोनिया या राखणदाराला मुळीच दिसत नाही. तो पचविणारे सूक्ष्म जंतू वाळूत व दगडांवर वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर एक-दोन प्राण्यांहून अधिक आणू नयेत.

विजेच्या बाबतीत कसूर चालणार नाही. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे आणि पेटीभोवती मुले असतात. पंखा, पंप, हवेचा पंप व बोर्ड ही सर्व १२ व्होल्ट किंवा त्याहून कमी दाबावर चालणारीच घ्यावीत. घरगुती विजेची तार पेटीपासून दूर, भिंतीशीच संपावी. पेटीकडून येणाऱ्या प्रत्येक तारेला बोर्डापूर्वी खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे थेंब झोळातून जमिनीवर पडतात, बोर्डावर जात नाहीत. वीज गेल्यावर सर्वांत आधी हवेचा पंप थांबतो व पाण्यातील प्राणवायू कमी होऊ लागतो. म्हणून मध्ये एक बॅटरी हवी. ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीतून पाव अँपिअर घेतले तर हिशेबाने २८ तास निघतात, व्यवहारात त्याचे निम्मे धरावेत.

राखणदार आला म्हणून मुलांची नोंदवही बंद करू नये. शाळा भरताना व सुटताना एका मुलाने काचेचा उष्णतामापक वाचावा, दुसऱ्याने पाटीवरील आकडा वाचावा, आणि दोन्ही आकडे शेजारी लिहावेत. अर्ध्या-पाऊण अंशाचा फरक चालेल. फरक दिवसेंदिवस वाढत असेल तर संवेदकाच्या काचनळीत पाणी शिरले आहे का ते पाहावे. महिन्यातून एकदा, शिक्षक समोर असताना, मुलांनी मुद्दाम संवेदकाची तार काढावी. पंखा सुरू झाला आणि भोंगा वाजला तर शनिवारी कुलूप लावण्यास हरकत नाही.

प्राण्यांच्या निवडीबाबत एक सूचना आवश्यक आहे. प्रवाळ, समुद्री घोडे, समुद्रकाकड्या आणि काही जातींचे शंख यांना वन्य जीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. ते किनाऱ्यावरून उचलणे हा अपराध होय. शाळेने डबक्यांतील सामान्य खेकडे, गोगलगाई व लहान मासे यांवरच समाधान मानावे. विकत आणलेले मासे त्याच पेटीत सोडू नयेत. कारण पेटीतील प्राणी पुढे परत समुद्रात जावयाचे आहेत.

मे महिन्याच्या सुटीचा भार मात्र या यंत्रावर टाकता येणार नाही. दोन लिटरची बरणी ४७ तासांसाठी आहे. सुटीपूर्वीच्या आठवड्यात सकाळची ओहोटी पाहून, ज्या डबक्यांतून प्राणी आणले त्याच डबक्यांत ते मुलांच्या हातून सोडावेत. मग पंप व फ्लोट स्विच गोड्या पाण्यात रात्रभर ठेवावेत, तारांच्या टोकांवरील पांढरे मीठ ओल्या फडक्याने पुसून वाळवावे, आणि बोर्ड डब्यात घालून नोंदवहीसह कपाटात ठेवावा.